मावशीने अडवलेला टँकर

आमच्या सुनंदामावशीसारखी बाई मी दुसरी पाहिली नाही. न्यूझीलंडला गेलो होतो तेव्हा हॅमिल्टनजवळ तिच्या लेकीच्या फार्मवर राहिलो. मावशी सत्तरीची, निवृत्त नर्स, पायात कायम गमबूट. पहिल्याच सकाळी मी फोटो काढायला कुरणात शिरलो आणि गेटची कडी लावायला विसरलो. वीसेक गाई थेट रस्त्यावर! त्यात समोरून दुधाचा टँकर येत होता. मी नुसताच ओरडत राहिलो. मावशी मात्र धावत जाऊन रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभी राहिली. टँकर थांबला. तिने सगळ्या गाई शांतपणे आत वळवल्या, ड्रायव्हरला हसून "किया ओरा" असा तिथला माओरी नमस्कार केला आणि कडी लावली.

जेवताना जावई मार्कने विचारलं, "गेट कोणी उघडं ठेवलं?"

मी मान खाली घालून भात कालवू लागलो. तेवढ्यात मावशी म्हणाली, "मी."

"आई, तुम्ही?" मार्क माझ्याकडे बघत म्हणाला. "तुम्ही इथे आल्यापासून दहा वर्षांत एकदाही असं झालं नाही!"

"मग माझी एक चूक खपवून घे की," मावशी म्हणाली. "ह्या बिचाऱ्याचा तर आज पहिलाच दिवस आहे."