दोंडाईच्याचा निलेश पाटील

स्वतःचं नाव नेटवर शोधायची वेळ तुमच्यावर कधी आली नसेल. माझ्यावर आली. पुण्याच्या एका कंपनीने माझी ऑनलाइन मुलाखत घेतली आणि मॅडम म्हणाल्या, "दोन-तीन दिवसांत फोन करते." पंधरवडा गेला. रावेरला आमच्या घरात रेंज नीट येत नाही, म्हणून मी मोबाइल घेऊन दिवसभर गच्चीवर बसायचो. मेल केले, त्यांचंही उत्तर नाही. जेवण जाईना.

शेवटी बहीण म्हणाली, "दादा, कंपनीवाले नेटवर नाव बघतात म्हणे. तुझ्या नावावर काही भलतंच तर नाही ना?"

शोधलं, तर नोकरीच्या साइटवर आणखी एक निलेश पाटील निघाला. दोंडाईच्याचा, माझ्यासारखाच डिप्लोमावाला. खाली नंबर होता. फोन लावला आणि मी कोण ते सांगितलं.

तो हसायला लागला. "भाऊ, माले पुणाथीन एक बाईना फोन उना व्हता. नोकरी पक्की शे म्हने. मी तं तठे अर्जच कया नही. माले वाटनं, फसाडी ऱ्हायनी."

त्याला ती फसवणूक वाटली होती, आणि फोन तर माझ्यासाठी होता. त्याच्याकडून त्या बाईंचा नंबर घेतला. फोन केला तर त्याच मॅडम. त्यांना सगळा घोळ सांगितला. त्यांनी तपासलं, तर साइटवरून नंबर उचलताना नाव तेच म्हणून त्याचा घेतला होता.

"ती जागा भरली हो," त्या म्हणाल्या. "ते दुसरे पाटील म्हणाले, पुन्हा फोन केला तर पोलिसात देईन, मग आम्ही तरी काय करणार?"