मनसाराम दिघोरे यांनी हात हलवला त्याबाबत

दिनांक २७ फेब्रुवारी १९९८

माझे नाव अश्वजित हरिदास बारसागडे, वय २१ वर्षे, शिक्षण बी.ए. दुसरे वर्ष (अपूर्ण), व्यवसाय सध्या वडिलांची शेती, राहणार बुद्धविहाराजवळ, मौजा चिचबोडी, तालुका आरमोरी, जिल्हा गडचिरोली.

समक्ष हजर राहून लिहून देतो की, ठाण्याचे लेखनिक मार्कंड्याच्या जत्रेच्या बंदोबस्ताला गेले आहेत. जमादार साहेब म्हणाले, "कॉलेजात गेला होता ना? मंग तूच लिही. पाह्यलं तेवढंच लिहिजो, कादंबरी नको." म्हणून हा जबाब माझ्या हाताने लिहीत आहे. उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी बांधलेली असल्याने अक्षर वाकडे आले आहे.

मयत मनसाराम दिघोरे, वय अंदाजे पन्नास, हे आमच्याच गावचे. धंदा गावच्या बोडीत, म्हणजे तलावात, मासेमारी. त्यांच्या घरी पत्नी देवकाबाई व मुलगी दामिनी आहे. दामिनी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात माझ्यासोबत शिकत होती. दिवाळीनंतर तिला घरी बसवण्यात आले. त्याच सुमारास मीही कॉलेज सोडले. दोन्हींचा संबंध काय, असे मला विचारण्यात आले. कॉलेज सोडण्याचे कारण हा या चौकशीचा विषय नाही. जास्त माहिती पाहिजे असल्यास गावात विचारावे. गावाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मागच्या आठवड्यात आरमोरीच्या बाजारात मनसाराम यांनी माझी कॉलर धरली हे खरे आहे. ते म्हणाले, "पोरीच्या मांगं दिसशीन तर बोडीच्या गाळात गाडीन." मी म्हणालो, "कोण गाळात जाते ते पाहूच." हे वाक्य मी बोललो, नाकारत नाही. मी रागात पुष्कळ बोलतो. पण बोलणे आणि करणे एकच असते तर आतापर्यंत मी अर्धे गाव गाडले असते.

आज सकाळी दहाच्या सुमारास मी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गेलो. कशासाठी, असे विचारल्यावरून सांगतो की, पाळ सार्वजनिक आहे. दामिनी टोपले घेऊन बाजूच्या काठावर बसली होती. पाळीवर मुखरू मेश्राम व आणखी काही लोक जाळे सुकवत होते. मनसाराम एकटेच कमरेभर पाण्यात होते. धानाला पाणी सोडून सोडून तलाव उतरला आहे. अशा वेळी आमच्याकडे हाताने गाळ चाचपून मासे धरतात. हातात एक मासोळी असली आणि पायाखाली दुसरी लागली, तर पहिली दातात धरतात आणि दोन्ही हातांनी दुसरीवर झडप घालतात. हे गावातले लहान पोरही करते. ती मासोळी आधी डोके चावून मारायची असते, मग धरायची. पण घाईत कोण चावतो?

मनसाराम यांच्या दातात बोटभर काटेरी मासोळी होती, जिवंत. शेपूट हलताना मी पाहिली. मी पाळीवरून उतरून पाण्याच्या कडेला आलो, तेव्हा मुखरू वरून ओरडला, "मनसारामभाऊ, जावई आला ना गा तुहा! पाट टाक बसाले!"

सगळे हसले. मनसाराम यांनी माझ्याकडे वळून तोंड उघडले. शिवी देणार होते की तेही हसणार होते, हे मला सांगता येत नाही. सकाळपासून मी त्याचाच विचार करत आहे.

त्यानंतर मनसाराम यांनी मला जा म्हणून हात हलवला. दोन्ही हात हलवले. वरून मुखरू म्हणाला, "हाकलून राह्यला पाह्य जावयाले!" मला राग आला. मी मनसाराम यांच्याकडे पाठ करून मुखरूला उत्तर देत राहिलो. काय बोललो ते लिहिण्यासारखे नाही.

पाणी खळबळले म्हणून वळून पाहिले तर मनसाराम यांचे डोळे बाहेर आले होते आणि तोंडातून आवाज निघत नव्हता. शेपूट दिसत नव्हती. मी पाण्यात उडी मारली. आधी त्यांच्या पाठीत बुक्क्या मारल्या. मुखरूने ठाण्यात जे सांगितले ते बरोबर आहे, मी बुक्क्याच मारत होतो, जोराने मारत होतो. मग तोंडात बोटे घातली. मासोळी लागली. ओढली तर तिने काटे उभारले. तशी ती डोक्याकडून आत जाते, मागे येत नाही. मनसाराम यांनी माझी बोटे चावली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ते माझ्या अंगावर टेकले आणि जड झाले.

तेवढ्या वेळात दामिनी काठाने धावत आली. ती ओरडली, "सोड माह्या बाबाले!" त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

प्रेत ग्रामीण रुग्णालयात नेले. देवकाबाई यांनी साहेबांना विनंती केली की आमचा कोणावर संशय नाही, चिरफाड करू नका, ऊन उतरायच्या आत माती करू द्या. मुखरू मला ठाण्याच्या पडवीत बाजूला घेऊन म्हणाला, "पाय घसरला, बुडला, असं लिहून दे ना बे. तूही मोकळा, तिची मायही मोकळी." मी विचारले, "आणि तू?" तो म्हणाला, "मी का केलो? मी त मजाक केलो." तो मनसाराम यांच्यासोबत लहानपणापासून पाण्यात उतरलेला माणूस आहे. मला त्याला मारायचे होते. मारले नाही, हे नोंद व्हावे.

मी तसे लिहून देणार नाही. माझ्यावर संशय नाही म्हणतात त्याने माझे भागत नाही. शवविच्छेदन व्हावे अशी माझी मागणी आहे. मनसाराम यांच्या गळ्यात मासोळी आहे. ती निघाली नाही तर एका माणसाला जन्मभर वाटत राहील की मी

इथपर्यंत लिहिले तेव्हा देवकाबाई दारात आल्या. मला म्हणाल्या, "तुले तुह्या नावाची पडली हाये. माह्या माणसाले चिराले सांगतं? तुह्या बापाले चिरू देशीन का?" मी खुर्चीवरून उठलो. उठताना बोटाची चिंधी सुटली.

दामिनी आईच्या मागे उभी होती. तिने माझे बोट पाहिले. जमादार साहेबांना विचारून ती जवळ आली, माझा हात उजेडाकडे वळवला, बांगडीत अडकवलेली सेफ्टीपिन काढली आणि नखाजवळ रुतलेला तुटका काटा उकरून काढला. बराच वेळ लागला. तो तळहातावर घेऊन तिने आईला दाखवला. म्हणाली, "माय, पाह्य, हा काटा कशाचा हाये. बाबाच्या गळ्यात अजून हाये वो ते. तसाच, तोंडात मासोळी घेऊन जाईन का बाबा?"

देवकाबाई खाली बसल्या. म्हणाल्या, "काढा मंग. पण तेवढंच काढा." मुखरू बाहेर पायरीवर रडत होता. जमादार साहेबांनी रुग्णालयात निरोप पाठवला. काटा कागदाच्या पुडीत बांधून या जबाबासोबत दिला आहे. रुग्णालयातून अजून काही कळलेले नाही. मला बसवत नाही, म्हणून उभ्याने लिहीत आहे.

जबाब सर्वांना ऐकू जाईल असा मोठ्याने वाचण्यास सांगितल्यावरून मी तो वाचला. "मला जा म्हणून हात हलवला" या ठिकाणी दामिनीने थांबवले. ती म्हणाली, "हे चुकलं. समोरून तसं दिसलं असन. मी बाजूनं होती. बाबा तुले हाकलून नव्हता राह्यला. बोलावून राह्यला होता."

मी विचारले, "मले?"

जमादार साहेब म्हणाले, ठाण्यात प्रश्न आम्ही विचारतो. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "त मंग? दुसरं कोण होतं जवळ?"

जबाबात खाडाखोड चालत नाही असे सांगण्यात आले, म्हणून दुरुस्ती इथे खाली लिहितो. मनसाराम दिघोरे यांनी मला बोलावले. मी उशिरा गेलो.

या दुरुस्तीसह जबाब पुन्हा वाचला. दामिनी दिघोरे यांनी ऐकला. आता तो खरा व बरोबर आहे.

सही
अश्वजित हरिदास बारसागडे