ऑपरेटरबाईंनी विचारलं होतं

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर बसलेले जनरल मॅनेजर साहेब, हाउसकीपिंगच्या मुख्य बाई, ज्यांच्यासाठी आपण इथे जमलो त्या सत्कारमूर्ती, आणि समोर गणवेशात बसलेले तुम्ही सगळे. चार वाजता तुमची दुसरी पाळी सुरू होते आणि तुमचं अर्धं लक्ष घड्याळाकडे आहे, हे मला ठाऊक आहे. सर्वांना माझा नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'आपल्या ज्येष्ठ अतिथी' असं छापलंय. ज्येष्ठ मी आहेच, त्यात माझं कर्तृत्व काही नाही. अतिथीचं मात्र सांगायला हवं. एवढ्या मोठ्या हॉटेलात स्वतःच्या पैशाने एक कप चहा पिण्याचीही माझी ऐपत नाही. तरी गेली एकोणीस वर्षं, वर्षातून एक दिवस, मी इथे पाहुणी म्हणून राहते. कशी, ते जुन्यांना माहीत आहे. नव्यांनाही माहीत असणार, कारण नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तुम्हाला एक पत्र वाचून दाखवतात. ते लिहिणारी बाई मीच.

साहेबांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. अतिथी म्हणून आलेला अनुभव सांगा, आणि मग सत्कारमूर्तींबद्दल दोन चांगले शब्द, असं ते म्हणाले. मी क्रमाने सांगते. पाच मिनिटांत बसेल असं वाटत नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते.

माझे यजमान बिस्किटांच्या कारखान्यात बॉयलरवर होते. पंचवीस वर्षं साडेचारला उठले. कारखान्याचा भोंगा आमच्या घरापर्यंत ऐकू यायचा, पण हे नेहमी भोंग्याच्या आधीच जागे व्हायचे. सुट्टीच्या दिवशीही व्हायचे, आणि मग अंथरुणात पडून छताकडे बघत राहायचे. मी म्हणायची, झोपा की अजून. ते म्हणायचे, झोप काय माझ्या हातात आहे का?

पंचवीस वर्षं पूर्ण झालेल्या कामगारांचा कंपनीने सत्कार केला, तो इथे, याच हॉलमध्ये. प्रत्येकाला मानपत्र आणि एक दिवस या हॉटेलात मुक्काम. दोघांना बोलावलं होतं. पण सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना सोडून मी कशी येणार? हे एकटेच आले.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. तेव्हा आमच्याकडे मोबाईल नव्हता, पण घरात फोन होता. मला म्हणाले, अगं, पलंग एवढा रुंद आहे की मधोमध झोपलो तर काठ गाठायला रिक्षा करावी लागेल. उशा चार आहेत, डोकं एकच. न्हाणीघरात एवढे आरसे की कुठेही बघितलं तरी मीच, दाढी करताना लाज वाटते. आणि दाराला अडकवायची एक पाटी आहे, ती लावली की कोणी आत येत नाही. तुझ्या माहेरच्यांसाठी एक मागून आणू का? मी खूप हसले. तुमच्यातल्या कित्येकांनी पाहुण्यांची अभिप्रायपत्रं वाचली असतील. माझ्या मते या हॉटेलला त्याहून चांगला अभिप्राय कोणी दिलेला नसेल. तो लिहिलेला नाही एवढंच.

शेवटी म्हणाले, उद्या मी भोंग्याशिवाय झोपणार आहे, किती वाजतात ते बघायचंय.

सकाळी साडेआठला मी फोन केला. सासूबाईंच्या औषधाची चिठ्ठी कुठे ठेवली, एवढंच विचारायचं होतं. इथल्या टेलिफोन ऑपरेटरने फोन घेतला. काय आवाज होता त्यांचा! पाणी ओतल्यासारखा. नंतर कळलं की पाहुणे जाताना त्या आवाजाबद्दल दोन ओळी लिहून जायचे, चेहरा कधी बघितलेला नसताना. त्यांनी खोलीत फोन लावला. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. मग मला म्हणाल्या, की मजल्यावर विचारलं, दाराला पाटी लावलेली आहे.

पुढे काय झालं, ते तुम्हाला पत्रातून माहीत आहे. दुपारी दोन वाजता दार उघडलं. हे न्हाणीघराच्या उंबरठ्यावर पडलेले होते. डॉक्टर म्हणाले, सातच्या सुमाराला त्रास सुरू झाला असावा, आणि दहा-साडेदहापर्यंत जीव होता. कोणी वेळेत गेलं असतं तर वाचले असते का, सांगता येत नाही, असं ते म्हणाले. 'सांगता येत नाही' हे तीन शब्द घेऊन मी घरी आले.

पत्र मी दहाव्या दिवशी लिहिलं. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. पुढचं सगळं ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांवर आणि पुडीच्या कागदांवर. पण वाचलं भरपूर, आणि कुठला शब्द माणसाला कुठे लागतो ते वाचून कळायला लागतं. एका बैठकीत दोन पानं लिहिली. 'माझा नवरा दाराच्या आत मरत होता आणि दाराबाहेर तुमचा शिष्टाचार उभा होता' हे वाक्य त्यातलंच. साहेबांनी आत्ता प्रास्ताविकात ते म्हणून दाखवलं. 'एका पत्नीने फोन केला, आणि तुमच्या ऑपरेटरला वर माणूस पाठवावा असं सुचलंही नाही' हेही त्यातलंच.

त्या पत्रावरून इथे एक नियम झाला. घरच्यांचा फोन आला आणि पाहुण्याने उचलला नाही, तर पाटी असो वा नसो, दहा मिनिटांत माणूस वर जातो. या नियमामुळे दोन माणसं वाचली, असं साहेब सांगतात. चांगलं झालं. नियम राहू द्या.

पण आता जे सांगायचं ते सांगते. ऑपरेटरबाईंना ते सुचलं होतं.

पाटी आहे म्हणाल्या, आणि लगेच त्यांनी मला विचारलं, "बाई, वर माणूस पाठवू का? बघून येईल."

मी म्हटलं, "नको हो. झोपू देत. आयुष्यात पहिल्यांदा भोंग्याशिवाय झोपलेत."

त्या हसल्या. म्हणाल्या, "मग झोपू देत बिचाऱ्यांना."

एवढंच झालं होतं.

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. मला वाटलंच होतं. दोन मिनिटं अजून घेते, साहेब.

मी खोटं का लिहिलं, याचं उत्तर सोपं आहे, म्हणून जास्त वाईट आहे. घरात पलंगावर सासूबाई होत्या. दिवसातून दहा वेळा विचारायच्या, कोणीच कसं गं बघायला गेलं नाही? त्या माउलीला मी काय सांगणार होते? की जाणार होते, तुमच्या सुनेने नको म्हटलं? हॉटेलचा चौकशी अधिकारी घरी आला, तेव्हा सासूबाई त्याच खोलीत होत्या, दीर दाराशी उभे होते. त्याने विचारलं, "ऑपरेटर म्हणतात, माणूस पाठवू का असं त्यांनी तुम्हाला विचारलं होतं. विचारलं होतं का?" मी म्हटलं, "नाही." मग त्याला चहा दिला. साखर किती, तेही विचारलं.

सासूबाई जाऊन चौदा वर्षं झाली. म्हणजे माझी सबबही चौदा वर्षांपूर्वीच वारली. पुढची वर्षं निव्वळ भित्रेपणाची आहेत.

हॉटेलने दरवर्षी एक दिवस मुक्काम देऊ केला. सासूबाई होत्या तोवर त्या दिवशी त्यांच्याजवळ दीर थांबायचे, आणि मी यायला लागले. तुम्ही लोक फार चांगलं वागवता. गालिच्यावर पाऊल वाजत नाही, खोलीत फळं, शेजारी माझ्या नावाचं कार्ड. मी त्या रुंद पलंगाच्या काठावर झोपते. चौथ्या वर्षी उशीच्या अभ्र्याचा कोपरा रफू केलेला दिसला. टाके इतके बारीक की बोट फिरवल्याशिवाय कळू नयेत. खोली आवरायला आलेल्या बाईंना मी सहज विचारलं, हे कोण शिवतं? त्या म्हणाल्या, "आमच्या ऑपरेटर." मी म्हटलं, ऑपरेटर कशाला शिवतील? तर म्हणाल्या, "त्या पूर्वी टेलिफोनवर होत्या हो. एका पाहुण्याचं काहीतरी झालं, मग खाली लिनन रूमला टाकलं. ऑपरेटर हे नाव चिकटलं ते चिकटलंच."

ती लिनन रूम तुम्ही रोज बघता. तळघरात, धुलाईच्या यंत्रांच्या शेजारी. चादरी, टॉवेल, अभ्रे, आणि एवढी घरघर की बोललेलं ऐकू येत नाही. ज्या बाईंचा आवाज ऐकून लोक दोन ओळी लिहायचे, त्यांना बोलायचं काम नसलेल्या खोलीत बसवलं होतं. माझ्या सहीने. मला त्या पायऱ्या उतरायला आणखी पाच वर्षं लागली. उतरल्यावर मी काय केलं? रफू छान आहे म्हणाले. मी कोण हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी स्टूल पुसून बसायला दिलं. पुढे दरवर्षी तास-दीड तास खाली बसायची. त्या घड्या घालायच्या, मी दुसरं टोक धरायची. त्यांच्या भाचीची कहाणी, माझ्या गुडघ्यांची कहाणी. एकदा त्यांना न्यायला आलेली भाचीच मला म्हणाली, "मावशी घरचा फोन वाजला तरी उचलत नाही. कितीही वाजू दे. मी घरात नसले तर तो वाजून वाजून थांबतो." हे ऐकूनही मी घरी जाऊन जेवले.

गेल्या सोमवारी मी खास खाली गेले. त्या निवृत्त होताहेत, आता नाही तर कधी? चादरीचं टोक हातात धरून सांगितलं, "बाई, त्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतं. माणूस पाठवू का म्हणून. मीच नको म्हटलं."

त्यांनी घडी पूर्ण केली. मग म्हणाल्या, "नाही हो. मी नव्हतं विचारलं."

"विचारलं होतं. चौकशीत तुम्ही तसं सांगितलंतही होतं."

"सांगितलं होतं. तेव्हा मला तसं वाटायचं. माणूस स्वतःला वाचवायला काहीही आठवतो, बाई. मग ते पत्र मला वाचायला दिलं. इतकं खरं लिहिलंय तुम्ही. ते वाचल्यावर हळूहळू मला नीट आठवलं, की मी नव्हतं विचारलं."

मी त्यांना शपथ घातली. त्यांचे शब्द त्यांनाच म्हणून दाखवले. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. म्हणाल्या, "माझा निरोप आहे म्हणून तुम्ही असं म्हणताय. मोठं मन आहे तुमचं."

माणसाची चांगली नोकरी घेतली तर ती कधीतरी परत देता येते, निदान तशी आशा तरी असते. मी त्यांची आठवण घेतली. तिच्या जागी माझी दोन पानं ठेवली. आता मूळ गोष्ट जगात फक्त मला माहीत आहे, आणि माझ्यावर त्यांचा विश्वास नाही, कारण माझ्या पत्रावर आहे.

आज सकाळी मी साहेबांच्या हातात नवं पत्र दिलं. ते म्हणाले, आज आनंदाचा प्रसंग आहे, आपण नंतर सविस्तर बघू. ते त्यांच्या जागी बरोबर असतील. तसं ते पत्र चांगलंही उतरलेलं नाही. चारदा लिहिलं. खोटं एका बैठकीत आलं आणि खरं चार बैठकांत कोरडंच. तुमच्यापुढे ते वाचलं तर नव्या मुलींच्या डोळ्यांत पाणी येणार नाही. तरी वाचा, एवढी विनंती.

सत्कारमूर्तींबद्दल दोन चांगले शब्द सांगायचे होते. सांगते. त्यांनी विचारलं होतं. हेच ते दोन शब्द. उद्यापासून त्या इथे नसतील, म्हणून आज एवढ्या लोकांपुढे बोलले. मी एकटीने सांगून पटत नाही, निदान हॉलभर माणसांनी ऐकलंय म्हणून पटेल, असं वाटलं होतं. इथून मला त्या दिसताहेत. माझ्याकडे बघून हसताहेत आणि मान हलवताहेत. नाही नाही म्हणताहेत.

आपण मला बोलावलंत, मान दिलात, वेळेपेक्षा जास्त बोलू दिलंत, त्याबद्दल अध्यक्षांची, साहेबांची आणि आपणा सर्वांची मी ऋणी आहे. बोलताना जे कमीजास्त झालं असेल ते पोटात घाला. बाकी जे माझ्या हातून झालं, त्याची क्षमा मागायला मी आले होते. पण ती ज्यांनी करायची, त्या म्हणतात की मी काही केलंच नाही.

नमस्कार.