दुसऱ्या रोटीवर काय घालू?

जॉर्डनमधल्या इर्बिद शहरात रोटीच्या भट्टीपुढं रांग होती. शुकरीच्या पुढं दोन मास्तरणी उभ्या होत्या, त्याच्या बायकोच्याच शाळेतल्या. त्या त्याला ओळखत नव्हत्या. बायकोचं, अफाफचं, नाव आलं तसे त्याचे कान टवकारले.

"आज माझे तास अफाफबाईंनीच घेतले गं. पोरगी तापलेली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, तू नीघ."

"त्यांना चेहऱ्यावरूनच कळतं. परवा सासूशी माझं वाजलं होतं, तर पुदिन्याचा चहा पुढं ठेवला. विचारलं काही नाही."

"आणि नकला? हेडबाईंची केली तेव्हा हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

"नकला? अफाफ?" शुकरी स्वतःशीच पुटपुटला.

"नवरा नशीबवान, बाई!"

"कुणास ठाऊक! मी एकदा म्हटलं, सगळ्यांची कामं अंगावर घेऊन संध्याकाळपर्यंत कशाला बसता? घरी जा की."

"मग?"

"म्हणाल्या, इथं कुणीतरी विचारतं, बाई, जेवलात का?"

तेवढ्यात दोघींच्या रोट्या आल्या. गरम पुडकी घेऊन त्या बाजूला सरकल्या.

"या चाचा! रोजच्यासारखी एकच ना, झातरचा मसाला लावून?" भट्टीवाल्यानं विचारलं.

"आज दोन दे."

"दुसरीवर काय घालू? चीज, पालक, की झातरच?"

शुकरी तिन्ही भांड्यांवरून नजर फिरवत राहिला. मागची माणसं चुळबुळू लागली. त्या दोघी रस्ता ओलांडायला निघाल्या होत्या.

"अहो ताई, थांबा जरा," त्यानं हाक मारली, "तुमच्या अफाफबाईंना काय आवडतं हो?"