तिसऱ्यांदा विचारल्यावर

अहो, असं लगेच 'हो' म्हणायचं नसतं! — घ्या ना, घ्या, चहा तुमच्यासाठीच ओतलाय, मी आपली गंमत करतेय. पण मी विचारलं 'चहा देऊ का', आणि तुम्ही पटकन 'हो, द्या' — इथल्या कुणी ऐकलं असतं तर म्हणाले असते, हा कुठल्या गावचा पाहुणा? पहिल्यांदा विचारलं की म्हणायचं, 'नको नको, आत्ताच झालाय.' दुसऱ्यांदा विचारलं की, 'कशाला उगाच त्रास.' तिसऱ्यांदा विचारलं की मग — 'बरं, अर्धा कप द्या.' आणि मग बसून चांगले दोन कप प्यायचे, वर केकसुद्धा खायचा. आता तुम्ही इथले मूळचे, आणि तुम्हाला हे मी सांगायचं! कोव्हेंट्रीला ना, तिकडे इंग्रजांकडे? कोवळ्या वयात गेलात म्हणून विसरलात. विसरतं माणूस. मी मात्र पाठ केलंय. कारण मी नवीन होते तेव्हा ब्रीडा माझ्या खोलीवर आली होती — मी विचारलं चहा घेणार का, ती म्हणाली नको, मी म्हटलं बरं. आमच्या लाटव्हियात नको म्हणजे नको! बिचारी कोरड्या घशाने बसून राहिली, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि गेली. मग म्हणे कारखान्यात सगळे एकमेकांना सांगायचे, वेल्टाकडे जाताय तर थर्मास भरून न्या. मला हे कळलं कितीतरी वर्षांनी, तेही उडत उडत. तोंडावर कुणी बोललं नाही. तोंडावर नाही बोलत माझ्या कुणी.

तर आज ज्यांना पुरलं ते पॅकी म्हणजे तुमचे सख्खे मामा? आणि ब्रीडा मामेबहीण. मग तुम्ही तिकडे घरच्यांच्या टेबलावर का नाही — हं. बरं बरं, नका सांगू. एवढ्या वर्षांनी आलं की पाय अडतोच. बसा इथेच, मलाही सोबत झाली. मी वेल्टा, ब्रीडाच्या हाताखाली आहे, चीजच्या कारखान्यात, पॅकिंगला. ब्रीडा आमची सुपरवायझर. माझे केस काळे होते तेव्हापासून आहे मी तिथे, म्हणजे बघा. ते सँडविच घ्या ना, हॅमचं. अंड्याचं नका घेऊ, ह्या हॉटेलात अंड्याचं कोरडं असतं — हो, मला ठाऊक आहे, मी ह्या हॉटेलात इतक्या मयतांचं जेवलेय! कारखान्यातल्या कुणाचीही आई जाऊ दे, बाप जाऊ दे, सासरा जाऊ दे, मी असतेच. सकाळी रेडिओवर बातम्यांनंतर गेलेल्यांची नावं वाचतात ना, ती ऐकल्याशिवाय मी कोट चढवत नाही. मयत घरी ठेवलं असेल तर घरी जायचं, रांगेत उभं राहायचं, घरच्या सगळ्यांचे हात ओळीने हातात घ्यायचे, 'फार वाईट झालं हो' — एवढंच. जास्त नाही बोलायचं. ते म्हणतात, 'आलात, बरं वाटलं.' मग शवपेटीपाशी क्षणभर थांबायचं, मग चहा — तिसऱ्यांदा विचारल्यावर. बोलवत कुणी नाही, बरं का. मयताला बोलावणं नसतंच. लग्नाला लागतं, बारशाला लागतं, मयताला आपणहून जायचं. हीच मला ह्या देशातली सगळ्यात आवडलेली गोष्ट. दार उघडं, आणि अख्खं गाव आत.

तो बघा, खिडकीपाशी, लाल टाय — तो फिंटन. फोर्कलिफ्ट चालवतो. ऐका, ऐका जरा — ते काय म्हणतायत त्याला? 'हा टाय बापाच्या लग्नातला का रे? बापाने तरी एकदाच घातला असेल!' ऐकलंत? असं रोज. सकाळी दारातून आत आला की सुरू. तो जाड झाला की जाडीवरून, बारीक झाला की बायको उपाशी ठेवते म्हणून. त्याची गाडी खड्ड्यात गेली तर आठवडाभर त्याच्या लॉकरवर फावडं टांगलेलं! आणि तो हसतो. मला सुरुवातीला वाटायचं, किती दुष्ट ही माणसं. मग उमगलं — इथे ज्याच्यावर जीव, त्याचीच फिरकी घेतात. ज्याच्याशी गोड बोलतात ना, तो बाहेरचा. आणि माझ्याशी — अहो, माझ्याशी काय गोड बोलतात! 'वेल्टा, कशी आहेस? वेल्टा, छान दिसतेस. वेल्टा, तू म्हणजे कमाल आहेस.' एकदा मी मुद्दाम एका पायात काळा बूट आणि एका पायात तपकिरी बूट घालून गेले. हो, मुद्दाम! म्हटलं आता तरी कुणी बोलेल. दिवसभर सगळ्यांनी पाहिलं, आणि संध्याकाळी ब्रीडा मला बाजूला घेऊन हळूच म्हणते, 'वेल्टा, सगळं बरं आहे ना घरी?' फिंटनने घातले असते तर त्याचं हसून हसून मढं केलं असतं. — हसताय? हसा हसा. हसण्यासारखंच आहे.

नाही, माणसं चांगलीच आहेत. वाईट असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. कुणाशी भांडू? गाडी बंद पडली की ढकलायला चौघे येतात. ख्रिसमसला दाराशी केक ठेवून जातात. दाराशी, हं. 'कधीतरी ये घरी' — हे तर मला किती जणांनी म्हटलंय! सुरुवातीला मी डायरी काढायचे, विचारायचे, कधी येऊ? चेहरा असा व्हायचा समोरच्याचा... मग कळलं, ते तोंडदेखलं असतं. म्हणजे खोटं नाही, पण खरंही नाही. मग मीही म्हणायला लागले, 'हो हो, येईन की कधीतरी.' कुणी ऐकलं तर वाटेल इथलीच बाई बोलतेय.

आणि काल पॅकीच्या घरी तर मी सगळं बरोबर केलं. रांग, हात, 'फार वाईट झालं', पेटीपाशी उभं राहणं, चहा. मग सरळ स्वयंपाकघरात गेले. बाया कप विसळत होत्या ना, मी बाह्या वर केल्या, कपडा उचलला आणि लागले पुसायला. इथे मयताच्या घरी जी बाई कप पुसते ती घरची. हे मी आल्यापासून पाहतेय. तुमची दुसरी मामेबहीण, ब्रीडाची धाकटी — नाव विसरले — ती आली, माझ्या हातातून कपडा इतका अलगद काढून घेतला, इतका प्रेमाने, आणि म्हणते, 'अगं वेल्टा, तू कशाला? तू पाहुणी. तू बाहेर बस, मी चहा पाठवते.' मी म्हटलं, नको गं, राहू दे ना मला. ती म्हणाली, छे छे. मी दुसऱ्यांदा म्हटलं, खरंच राहू दे. ती — छे छे, ऐकणार नाही मी. आता तिसऱ्यांदा काय म्हणणार? बाहेर जाऊन बसले. चहा आला. बशीत दोन बिस्किटं. पाहुणीला साजेशी.

तुमची आई आहे? — गेली का. कधी? तिकडेच पुरलं? मग कुणी आलं होतं का इथून? ... हं. म्हणून पाय अडतोय होय. नाही नाही, मी काही म्हणत नाही. मी कुणाला काय म्हणणार.

माझी आईही गेली. मागच्या हिवाळ्यात. ते मोठं वादळ झालं ना, छपरं उडाली, विमानं बंद — नेमकं तेव्हा. माझा भाऊ आयवार्स फोनवर म्हणाला, शनिवारी पुरायचं ठरलंय, येतेस का? मी विमानतळावर जाऊन परत आले. जी उडाली त्यांत जागाच नाही. ब्रीडाला सांगितलं, तर तिने मला ऑफिसात बसवलं, साखर घालून चहा दिला — मी तिसऱ्यांदाच घेतला, त्या अवस्थेतही, बघा काय सवय! — आणि म्हणाली, 'घरी जा, हवे तेवढे दिवस राहा, आणि काहीही लागलं तर नुसतं सांग.' सगळ्यांनी मिळून कार्ड दिलं, आईच्या नावाने पाद्री मिस्सा म्हणणार म्हणून. आई माझी लुथरन, कॅथलिक पाद्र्याने तिच्यासाठी प्रार्थना केलेली ऐकली असती तर उठून बसली असती. पण मला भरून आलं. सगळ्यांच्या सह्या होत्या.

तर शनिवारी — हे मी कुणाला सांगितलं नाहीये, तुम्ही उद्या परत जाणार म्हणून सांगतेय — शनिवारी मी सकाळी उठून घर झाडलं. आईचा फोटो बाहेर काढला, तो टेबलावर ठेवला, मेणबत्ती लावली, शेजारी फुलं, सम संख्येची, आमच्याकडे मेलेल्याला तशीच देतात. पेटी नाही तर नाही, फोटो तर आहे ना. मग सँडविच केली. हॅमची, अंड्याची, कडा कापून, अशीच तिकोनी. आमच्याकडचे बेकन घातलेले बनपावही केले, म्हटलं खातील, नावं ठेवतील, ठेवू देत! कप कमी पडतील म्हणून नवे आणले. खुर्च्या कमी होत्या, तर पलंग भिंतीला लावला, त्यावर चादर घातली, बसतील म्हटलं सहासात जण. काळा झगा घातला आणि दार उघडं टाकून बसले. कुणाला बोलावलं नाही. अहो, कसं बोलावणार? मयताला बोलावणं नसतंच ना! फिंटनची आई गेली तेव्हा त्याने कुणाला बोलावलं होतं? आणि मी तर सांगितलं होतं, शनिवारी आहे म्हणून. मला वाटलं, एवढं पुरतं. इथे एवढंच पुरतं.

वारा आत यायचा, मेणबत्ती विझायची, मी परत लावायची. गाडीचा आवाज आला की उठून उभी राहायची, हात पुढे करायची तयारी. उत्तरही म्हणून पाहिलं — 'आलात, बरं वाटलं.' 'आलात, बरं वाटलं.' तिकडे आमच्या गावी, ताल्सीत, माती टाकून झाली, आयवार्सचा फोनही येऊन गेला. दुपारी पायरीवर पाऊल वाजलं. समोरची बाई. मी उठले, दोन्ही हात पुढे केले. ती दारातच थांबली, म्हणते, 'अगं, तुझं दार उघडंच राहिलंय बघ. म्हटलं सांगावं, घर गार पडेल.' मी म्हटलं, थँक यू. आणि लावून घेतलं.

सोमवारी उरलेली सँडविच डब्यात घालून कारखान्यात नेली. टाकवेनात. ब्रीडा म्हणाली, 'वेल्टा, ह्या दुःखात कशाला एवढं करत बसलीस?' आणि खाता खाता म्हणाली, 'आम्ही म्हणत होतो गं, शनिवारी तुझ्याकडे जावं का. पण मग वाटलं, तुमच्या लोकांत कसं असतं कुणास ठाऊक. तुला एकटीला राहायचं असेल, उगाच अवघडायला नको.' खरं बोलत होती हो. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. आणि मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं, 'बरं केलंत.' मी म्हटलं! त्यांना माहीत नव्हतं म्हणून ते आले नाहीत, आणि मला इतकं माहीत होतं म्हणून मी बोलावलं नाही. आता सांगा, कुणाची चूक? कुणाचीच नाही. चूक असती तर सुधारता आली असती.

आता तुम्ही विचाराल, मग मी इथे, कोपऱ्यातल्या टेबलावर काय करतेय? गेले होते ना आमच्या कारखान्याच्या टेबलाकडे. ते सगळे खिदळत होते, पॅकीने डुक्कर विकत घेतलं आणि ते घरी यायच्या आधी पळालं, ती गोष्ट चालली होती — मी जवळ गेले, आणि सगळे गप्प. फिंटन उठून उभा राहिला, खुर्ची दिली, दुसऱ्याने कोट उचलला, तिसरा म्हणाला, 'ये वेल्टा, बस, कशी आहेस तू?' जशी काही मास्तरीण वर्गात आली. ती डुकराची गोष्ट अर्धीच राहिली. मी म्हटलं, नाही रे, बसा बसा, माझ्याबरोबर कुणीतरी आहे तिकडे. तेव्हा तुम्ही दिसलात, एकटे. मी जाताच परत हसू फुटलं त्यांना. माझ्यावर नाही हो — डुकरावर.

कोण — तुम्हाला हाक मारतंय कुणीतरी. ब्रीडा आहे, फिंटनच्या टेबलापाशी आलीय. अगबाई, ओळखलं तिने! ऐका काय म्हणतेय — 'डेसी! अरे ए डेसी टकल्या! मामा मेल्यावर सापडली होय रे वाट घरची? कोपऱ्यात काय लपतोस, ये इकडे मेल्या, तुला इंग्रजांनी पोटभर खाऊ घातलेलं दिसतंय!' — सगळे हसतायत. फिंटनने खुर्ची पायाने ढकलली तुमच्यासाठी, उठलासुद्धा नाही. सकाळपासून ब्रीडा हसली नव्हती हो. रडतेय आणि हसतेय. जा. उठा, जा लवकर. इतक्या वर्षांनी आलात आणि आल्या आल्या टकल्या! बघताय काय, जा ना.

मी? छे, नको नको. मी बरी आहे इथे. तुम्ही जा.

... हं.

अहो! — टोपी. टोपी राहिली तुमची. ही घ्या.

अं? नाही, बाकी काही नाही. जा तुम्ही.