बर्लिनच्या नळाचं पाणी

नका, नका — पिशवी तिथं नका ठेवू, विहीणबाई. दिवाणावर बी नका ठेवू, खाली बी नका ठेवू, आपल्या मांडीवरच राहू द्या. काहून म्हणजे? मी घेत नाही, म्हणून! डिंक आहे, खारीक आहे, गोडंबी आहे, सुंठ आहे — तुम्ही फाटक उघडलं तेव्हाच मले वासावरून समजलं. लाडवाचं सामान खाप्यावरून बशीनं नागपूरले आणाचं, माह्या गळ्यात टाकाचं, अन् म्हणाचं, ‘भागीरथाबाई, तुम्हीच जा बर्लिनले, तुम्हीच करा माह्या लेकीचं बाळंतपण’ — वा! आमच्या उमरेडात तं पहिलं बाळंतपण मायचं असते बापा, तुमच्या खाप्यात काही नवीन कायदा निघाला असन तं सांगा. लग्नात तुमच्या मारोतरावांनी आमच्या लोकायले आग्रह करू करू जिलेबी वाढली, आमचे जेठ दोन दिवस पोट धरून झोपले होते — एवढी हौस. अन् आता लेकीचं पोट वर आलं तं माघार? बसा न, पंख्याखाली सरका. पोळा झाला, मारबतीची मिरवणूक बी गेली, तरी उकाडा काही जात नाही.

तिकडं म्हणे आतापासूनच थंडी सुरू होते. आमचा जितू सांगत होता — सप्टेंबरात तिथले झाडं पिवळे होतात, लाल होतात, अन् लोक लेकराबाळायले घेऊन पाह्याले निघतात. पानं गळताना पाह्याले! म्हटलं, बाबू, आमच्या इथं पान गळलं की झाडू घ्या लागते हातात. पण तुम्हाले आवडन ते, तुम्ही पहिलेपासून झाडावेलाच्या वेड्या. फक्त एक ध्यानात ठेवा, तिथं रविवारी आवाज नाही कराचा. खलबत्ता नाही कुटाचा, मोठ्यानं बोलाचं नाही, नाही तं खालची म्हातारी वर येते. म्हणून तं म्हणतो, तुम्हीच जा! मी गेली तं पहिल्याच रविवारी मले पोलीस घेऊन जातीन. तुम्ही येऊन अर्धा घंटा झाला, तोंडातून शब्द नाही — तुमच्यासाठीच बनवलं आहे ते शहर. अन् ओव्याची धुरी नाही द्याची बाळंतिणीले, तिथं छताले पांढरी डबी लावून ठेवली आहे, जराकसा धूर लागला की बोंबलते, सारी बिल्डिंग खाली उतरते. शेक द्या, धुरी राहू द्या. एवढं सांभाळलं की झालं, त्यात कुठं मोठं काम आहे?

इंग्लिश येत नाही? अवं बाई, त्या लोकायले बी नाही येत! ते जर्मन बोलतात. म्हणजे तिथं तुम्ही अन् मी सारख्याच अडाणी. पितृपक्षात घराबाहेर पडाचं नाही म्हणता — बरं, पितृपक्ष. पण लेकरू काय पंचांग पाहून येते? डॉक्टरनं दसऱ्याच्या आसपास सांगितलं आहे, ते नवरात्रातबी येऊन उभं राहीन. तुमचे पितर काय म्हणतीन, आमची नात पोटुशी आहे अन् आमच्या नावानं काहून थांबली? ते तं खूश होतीन. मंग विमानाची भीती. झाली? संपले कारणं? आता जे खरं कारण आहे ते सांगा. नाही सांगत? मी सांगतो. तुम्ही माह्या घरी आल्या, माठातलं थंड पाणी दिलं, हात नाही लावला. चहा दिला, त्याच्यावर साय आली. अन् पिशवीतून आपली बाटली काढून खाप्याचं कोमट पाणी पिऊन राहिल्या. समजते मले. लेकीच्या घरचं पाणी नाही चालत — लेकरू होईपर्यंत. अन् माहं घर म्हणजे लेकीचंच घर.

नाही, नाही, राग नाही. राग कशाचा? रीत आहे, मोठ्या माणसायनं पाळली, तुम्ही पाळता. पण मले एक सांगा — बर्लिनच्या नळाले जे पाणी येते, ते काय माह्या जितूच्या बापाचं आहे? ते तिथल्या म्युन्सिपाल्टीचं आहे. तुमच्या जावयाचा त्याच्याशी काय संबंध? अन् घर? घर बी भाड्याचं, त्या खालच्या म्हातारीचं. जावयाचं तं तिथं भिंतीत ठोकलेला खिळा बी नाही, खिळा ठोकाले परवानगी लागते म्हणे. मंग तुम्ही जाऊन राहिल्या कुणाच्या घरी? म्हाताऱ्या गोऱ्या बाईच्या घरी! तुमची लेक काय तिच्या खानदानात दिली आहे? हसल्या. हसल्या पाहा! आता राहिलं अन्न — तं तांदूळ आपले न्या. पिशवीभर तांदूळ, तूरडाळ, तिखट, मीठ सुद्धा खाप्याचं न्या. गेल्या गेल्या आपल्या तांदळाचा भात टाका शेगडीवर, अन् लेकीले बी तोच वाढा. जावयाचं तुम्ही खाऊन नाही राहिल्या, जावईच तुमचं खाऊन राहिला! मारोतरावांना हेच सांगा, असंच्या असं सांगा. वकील आणा लागन त्याईले याचं उत्तर द्याले.

कुठं पाहून राहिल्या? ते — ती सुटकेस? ती अशीच ठेवली आहे. रिकामी आहे. वजनदार दिसते? दिसते, नवीन आहे म्हणून. — हात नका लावू, तिची चेन खराब — उघडलीच? बरं. पाहा मंग. आता काय लपवाचं. तो कोट आमच्या यायनं आणला, इतवारीतून, मी नाही म्हणत होती. यायले म्हटलं, अहो ताराचंद सेठ, नागपुरात कोट घालून मी काय भाजी घ्याले जाऊ? तरी आणलाच. अन् हे दुपटे माह्या सासूच्या लुगड्याचे आहेत, धुऊन धुऊन कसे मऊ पडले पाहा, तुम्हीच हात लावून पाहा. टोपडे बी शिवले. पाच शिवले की सात शिवले, शिवतच गेली. हाव, मी तयारी केली होती. जितूचा फोन आला न — आई, आमचं ठरलं, तू ये — त्याच दिवशी सुटकेस काढली. खोटं कशाले बोलू? गल्लीत साऱ्यायले सांगून बसली, भागीरथा बर्लिनले चालली म्हणून. मोबाइलवर जर्मन शिकून राहिली होती. गुटेन टाग. म्हणजे रामराम. आमचे हे रोज सकाळी मले गुटेन टाग म्हणत अन् मंग चहा मागत.

मंग काय झालं, विचारता? काही नाही झालं. तुमच्या अश्लेषाचा फोन आला, एवढंच झालं. ‘आई, तुम्ही येणार, बरं वाटलं’ म्हणे. चांगलं बोलली. कोणती पिशवी आणा, कोणती नका आणू, सारं सांगितलं. मंग विचारते — ‘आई, खाप्याले पाऊस आहे का?’ आता मी राहतो नागपुरात, मले काय माहीत खाप्याचा पाऊस? म्हटलं, असन, इकडं आहे तं तिकडं बी असन. दुसऱ्या दिवशी फोन केला तं पुन्हा तेच — ‘कन्हानले पूर आला का? आमच्या दारापर्यंत पाणी आलं का?’ तिसऱ्या वेळेस सीताफळाचं विचारलं. तुमच्या दारातलं सीताफळ. म्हणे, आई, त्याले यंदा फळ धरलं का? मी फोन ठेवला अन् बसली इथंच. आमचे हे म्हणे, काय झालं? म्हटलं, त्या पोरीले सीताफळ नाही पाहिजे जी. तिले माय पाहिजे. पण ती म्हणत नाही. तिले माहीत आहे तुमच्यात चालत नाही, म्हणून ती तोंडानं म्हणतच नाही. म्हणून मी जितूले सांगितलं, बाबू, व्हिसाचे कागद तुह्या सासूच्या नावानं कर. तीनच महिने राहू देतात, घरात जागा एकीची. तं एक जाईन, अन् ती तिची माय जाईन. पुढच्या आठवड्यात मुंबईले बोटाचे ठसे द्याले तुमचं नाव लागलं आहे. अन् तुम्ही पिशवी घेऊन आल्या, ते नाव बदलवाले!

वाईट मले कशाचं वाटन? वाटते न थोडं. नातवाले पहिल्यांदा हातात मी घेईन, असं वाटे. तुम्हाले सांगतो, पोरगीच होईन असं बी वाटते मले, अन् ती माह्या सासूच्या नाकावर जाईन असं बी — जाऊ द्या. तुमची गोष्ट चालली होती. मारोतराव म्हणतात, रीत मोडाची नाही. मी बी रीतच पाहिली आहे, विहीणबाई. माहं माहेर मौद्याचं. जितूच्या वेळेस माहे पाय सुजले, डॉक्टरनं सांगितलं, हलवू नका, म्हणून मी उमरेडले सासरीच राहिली. पोटात दुखाले लागलं तशी सासूनं सांगावा धाडला. माय सकाळच्या बशीनं आली. ऊन असं, की वसरीतली फरशी पायाले चटके देत होती. आली, बसली माह्या उशाशी. माह्या बाबाचा हुकूम होता — लेकीच्या घरचा थेंब नाही. सासूनं हात जोडले, म्हणे, बाई, पाणी तं प्या. नाही प्याली. दिवसभर माह्या पाठीवर हात फिरवत बसली, होठ सुकून पांढरे झाले, उठली तं चक्कर आली. मंग सासूच म्हणाली, बाई, तुम्ही जा, इथं उपाशी पडाल तं आम्हाले पाप लागन. गेली मंग. संध्याकाळची बस पकडून गेली. अन् ती मौद्यापर्यंत पोचली नसन, जितू झाला. मी तिले हाका मारून राहिली होती, अन् माहा हात धरला होता सासूनं. सासू चांगली होती हो. देवमाणूस होती. पण माय नव्हती न ती.

हे मी जितूच्या बाबाले बी कधी नाही सांगितलं. तुम्हाले काहून सांगितलं काय माहीत. डोळे कशाले पुसता, तुमच्या डोळ्यात सुंठ गेली असन, पिशवी दूर धरा. — थांबा, फोन. पाहा, तिचाच आहे, शंभर वर्षं आयुष्य आहे पोरीले! हाव वं अश्लेषा, दिसून राहिली, दिसून राहिली. जेवली काय? पाय कसे आहेत? बरे आहेत न? बरं. आज पाहा माह्यापाशी कोण बसलं आहे. नाही, शेजारची नाही. घ्या, विहीणबाई, धरा. असा नाही, तिले पंखा दिसून राहिला फक्त, सरळ धरा. हाव, असा. आता बोला. बोला न. अवं नुसत्या रडू नका, तिले वाटन इकडं कोणी गेलं! सांगा तिले, येतो म्हणून. मारोतरावांचं मी पाहतो, आमच्या यायले उद्याच धाडतो खाप्याले, दोघं बसतीन पानसुपारी घेऊन. तुम्ही फक्त म्हणा. येतो, एवढंच. म्हणा.

म्हटलं! ऐकलं काय वं अश्लेषा, तुही माय येऊन राहिली बर्लिनले! — अवं माय, हे काय? ओरडून राहिली! ‘आता सांगते काय, इतके दिवस काय करत होती, मले एकटीले भेव वाटून राहिलं’ — ऐका, ऐका कशी बोलते! विहीणबाई, लग्नाले दोन वर्षं झाले, माह्यासंग ‘हो आई, बरं आई, चालते आई’ याच्यावर दुसरा शब्द नाही काढला या पोरीनं. मले वाटे, पोरगी शांत आहे. साऱ्या गल्लीले सांगे मी, माही सून शांत आहे. अन् पाय? पाय रात्रभर ठणकतात म्हणते. मले तं आत्ताच म्हणे, बरे आहेत.

नाही, मले नका देऊ फोन. सासू कामात आहे म्हणा. सांगा न — कामात आहे. मी अंदर जातो, दार लोटून घेतो. तुम्ही बोला. भांडू द्या तिले, पोटभर भांडू द्या.