पोस्टरवरचा खेळाडू

दवाखान्यातल्या 'खेळा, निरोगी राहा' या पोस्टरवर रॅकेट घेऊन हसणारा गृहस्थ त्याच पोस्टरखाली बायकोशेजारी बसलेला पाहून कंपाउंडरने कान टवकारले.

"रोज बॅडमिंटन खेळून येता, मग शर्ट कोरडा कसा?" बायकोने विचारलं.

"हॉलमध्ये पंखे आहेत."

"पंख्याने शटल उडून जात नाही? अहो, खरं सांगा, तासभर असता कुठे?"

"हॉलमध्येच. बाकावर बसून गुण मोजतो."

"कधीपासून?"

"फोटो काढला त्याच आठवड्यापासून. खेळताना छातीत कळ येते."

"आणि मला आज सांगताय?"

"गल्लोगल्ली हे पोस्टर लागलंय. कुठल्या तोंडाने सांगणार?"

"गुडघा दुखतोय त्या बाई, आत या," कंपाउंडर म्हणाला.

"माझा गुडघा कुठे पळून जात नाही. आधी यांना घ्या."